मदत हवी आहे : नळीने जेवण आणि माकडहाडावरचा लाल डाग

नमस्कार. इथल्या सिस्टर-ब्रदर मंडळींना विचारतेय.

सासूबाईंना पॅरालिसिस होऊन दीड महिना झाला. नाकातल्या नळीने दर दोन तासांनी पेज, दूध, डाळीचं पाणी देते. ठसका लागून छातीत जाऊ नये म्हणून डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवायची आणि जेवणानंतरही अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायची, असं डिस्चार्जच्या वेळी सांगितलं होतं. ते मी काटेकोर पाळते. पण त्या हळूहळू खाली घसरतात आणि माकडहाडावरची कातडी ओढली जाते. काल अंग पुसताना तिथे रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबून सोडला तरी पांढरा पडला नाही. म्हणजे बेडसोअरची सुरुवातच ना? जीव घाबराघुबरा झालाय.

एअर बेड आहे, दर दोन तासांनी कूस बदलते. चोळायचं नाही हे माहीत आहे.

जेवणाच्या वेळी त्यांना एका कुशीवर ठेवून डोकं वर केलं तर चालेल का? गुडघ्याखाली उशी दिली तर घसरणं थांबेल का? आणि रात्री मी एकटीच असते, तर चादरीने ओढताना कातडी न घासता कसं वळवायचं? कृपया सविस्तर सांगा.