पन्नाशीच्या दशकातली अमेरिका: घर कोणाला मिळालं आणि कोणामुळे?

रानवारा:

दुसऱ्या एका धाग्यावर नुकताच वाद झाला. तिथे एकांनी ठामपणे लिहिलं की दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिकेची भरभराट हा कष्टाचा आणि कुटुंबसंस्थेचा विजय होता. सरकारने लुडबुड केली नाही म्हणून एका कमावत्या माणसाच्या पगारात घर, गाडी आणि मुलांची शिक्षणं झाली; पुढे साठच्या दशकातल्या चळवळींनी घडी विस्कटली. तिथे हा विषय अवांतर होता, म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझ्या मते हे चित्र मुळातच चुकीचं आहे. ती भरभराट सरकारने हाताला धरून उभी केली होती, आणि त्या मदतीतून कोणाला वगळायचं हेही बऱ्याच ठिकाणी कागदावर लिहिलेलं होतं.

२२ जून १९४४ रोजी रूझवेल्ट यांनी परतणाऱ्या सैनिकांसाठीच्या कायद्यावर सही केली. तोच पुढे जी. आय. बिल म्हणून ओळखला गेला. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्यातून शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलं, त्यातले २२ लाखांच्या आसपास कॉलेजात गेले. शेतमजुरांची, खाणकामगारांची पोरं इंजिनियर झाली. घराचं गणितही सरकारनेच बदललं. १९३० च्या आधी घरासाठी कर्ज काढायचं तर बहुधा निम्मी रक्कम आधी भरावी लागे आणि उरलेली थोड्या वर्षांत फेडावी लागे. सरकारने कर्जाला हमी दिल्यावर बँका पंचवीस-तीस वर्षांच्या मुदतीने पैसे देऊ लागल्या, आणि माजी सैनिकाला तर एक डॉलरही आधी न भरता.

या पैशावर लेव्हिटाउन नावाची वसाहत उभी राहिली. न्यूयॉर्कच्या पूर्वेला लाँग आयलंडवर बटाट्याची शेतं होती, तिथे विल्यम लेव्हिटने १९४७ मध्ये घरं बांधायला घेतली. मोटारीच्या कारखान्यात गाडी पुढे सरकते, इथे कामगारांच्या टोळ्या घरामागून घरं करत पुढे सरकत. कामाचे सव्वीस-सत्तावीस टप्पे पाडले होते. एका माणसाचं काम दिवसभर फक्त वॉशिंग मशीन जमिनीला बोल्टने आवळायचं. जोरात काम चालू असताना दिवसाला तीसेक घरं पूर्ण होत. १९५१ पर्यंत १७ हजारांहून जास्त घरं झाली. १९४९ मध्ये विकायला काढलेल्या घराची किंमत होती ७,९९० डॉलर.

सुरुवातीला ही घरं भाड्याने दिली जात. त्या भाडेकरारात एक कलम होतं: कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाच्या माणसांखेरीज कोणीही हे घर वापरायचं नाही की तिथे राहायचं नाही. पुढचं वाक्य मला त्याहून झोंबतं. कॉकेशियन नसलेले घरगडी ठेवायला मात्र हरकत नाही.

जपान्यांशी किंवा जर्मनांशी लढून आलेला काळा सैनिक त्या घरात फरशी पुसायला येऊ शकत होता, राहायला नाही. हा सुवर्णकाळ म्हणून गौरवायचा असेल तर हे कलमही सोबत वाचलं पाहिजे.

तळेगावकर:

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण निष्कर्षाशी पूर्ण असहमत.

त्या धाग्यावर मूळ मत मांडणाऱ्यांपैकी मीही एक. हमी सरकारची होती, मान्य. हप्ते कोणी भरले? वीस-पंचवीस वर्षं दर महिन्याला पगारातून रक्कम बाजूला काढणारी ती माणसं होती. सरकारी हमी जगात अनेक देशांनी दिली, सगळीकडे मध्यमवर्ग उभा राहिला नाही. अमेरिकेत राहिला, कारण युरोप आणि जपान बेचिराख झालेले असताना तिथले कारखाने शाबूत होते. युनियन दमदार होत्या, पन्नाशीच्या दशकात साधारण तिनात एक कामगार युनियनचा सभासद होता. १९५० मध्ये जनरल मोटर्सने वाहन कामगारांच्या युनियनशी पाच वर्षांचा करार केला आणि त्यात पेन्शन आणि महागाईप्रमाणे वाढणारा पगार दिला. याचं श्रेय घासाघीस करणाऱ्या कामगारांना द्यायचं की वॉशिंग्टनमधल्या बाबूंना?

दुसरं. हा काळ फक्त गोऱ्यांचा, असं चित्र रंगवू नका. इटालियन, पोलिश, ज्यू, आयरिश स्थलांतरितांची मुलं आधीच्या पिढीपर्यंत हिणवली जात होती, ती याच वसाहतींत शेजारी-शेजारी राहिली. काळ्यांचंही सगळं थिजलेलं नव्हतं. १९४० मध्ये त्यांच्यातली जेमतेम एक चतुर्थांश कुटुंबं स्वतःच्या घरात होती, १९६० मध्ये हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर गेलं. दक्षिणेतली शेतमजुरी सोडून लाखो लोक डेट्रॉइट, शिकागोला आले, कारखान्यात लागले. ही प्रगती साठच्या दशकातल्या कायद्यांच्या आधीची आहे.

आणि साठनंतर काय झालं? गुन्हे वाढले, घटस्फोट वाढले. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियाने कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट घ्यायची मुभा दिली, मग इतर राज्यांनी तोच कित्ता गिरवला. शेजारपाजार, चर्च, युनियनची शाखा यांनी घट्ट विणलेलं समाजजीवन सैल झालं. त्या कलमाचं समर्थन कोणी शहाणा माणूस करणार नाही. पण एका कलमावरून अख्ख्या पिढीचं मोजमाप करणं मला पटत नाही.

निरंजना:

तुम्ही दोघेही 'कुटुंब' म्हणता तेव्हा फक्त कमावता पुरुष तुमच्या डोळ्यांसमोर असतो.

युद्धात बायकांनी जहाजं बांधली, विमानं जोडली. १९४५ नंतर सैनिक परतले तसं त्यातल्या बहुतेकींना कारखान्यांतून घरी पाठवलं. मग उपनगरातलं घर, जवळ आई नाही की मावशी नाही, गाडी नवरा कामाला घेऊन गेलेला, आणि दिवसभर दोन लहान मुलं. तळेगावकर ज्याला घट्ट वीण म्हणतात ती टिकवण्याचं बिनपगारी काम या बायका करत होत्या. बाईला स्वतःच्या नावावर कर्ज मागितल्यावर लग्न झालंय का, नवऱ्याची सही कुठे, असं विचारून अडवायचं नाही, हा कायदा व्हायला १९७४ उजाडलं. घटस्फोट वाढले याचा अर्थ आधीची लग्नं सुखाची होती असा होत नाही.

शिवाय 'एका पगारात घर' हेही अर्धसत्य आहे. लग्न झालेल्या, मुलं शाळेत जाणाऱ्या बायका पन्नाशीच्या दशकातच मोठ्या संख्येने नोकरीला लागत होत्या. चळवळींनी त्यांना घराबाहेर काढलं नाही. त्या निघालेल्या होत्याच, चळवळ मागून आली.

रानवारा:

निरंजना, तुमचा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता. आता तळेगावकरांकडे वळतो.

हप्ते भरणाऱ्यांचे कष्ट मी नाकारत नाही. पण तेवढेच कष्ट करायला तयार असलेल्याला कर्जच नाकारलं तर तो हप्ता कशाचा भरणार? जी. आय. बिलाची अंमलबजावणी राज्यांच्या आणि स्थानिक बँकांच्या हातात राहील अशी तजवीज मिसिसिपीचे खासदार जॉन रँकिन यांनी केली होती. परिणाम बघा: १९४७ च्या एका पाहणीत मिसिसिपीतल्या शहरांमध्ये सरकारी हमीची ३,२२९ कर्जं मोजली गेली, त्यातली काळ्यांना मिळालेली दोन. तुम्ही दिलेली काळ्यांच्या घरांची वाढ खरी आहे, ती या परिस्थितीत झाली. वाट मोकळी असती तर किती झाली असती हा माझा प्रश्न आहे.

आणि ते 'एक कलम' नव्हतं. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी कलमं कोर्टाकरवी अमलात आणता येणार नाहीत. लेव्हिटने मग ते कलम काढलं, पण काळ्यांना घर न देण्याची पद्धत चालू ठेवली. ऑगस्ट १९५७ मध्ये लेव्हिटने पेनसिल्व्हेनियात उभारलेल्या दुसऱ्या लेव्हिटाउनमध्ये मायर्स हे काळं कुटुंब राहायला आलं. बिल मायर्स स्वतः माजी सैनिक. घर त्यांनी कंपनीकडून नव्हे, आधीच्या मालकाकडून घेतलं होतं. शेकडोंचा जमाव रोज रात्री घरासमोर जमू लागला, दगडाने खिडकीची काच फुटली, राज्याचे पोलीस बोलवावे लागले. हेही त्याच घट्ट विणीचे शेजारी होते.

पुढे न्यू जर्सीत लेव्हिटने तिसरी वसाहत काढली आणि तिथेही काळ्यांना घर विकणार नाही असं सांगितलं. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे १९६० मध्ये लेव्हिट हरला. का? तर ग्राहकांच्या कर्जाला सरकारी हमी आहे, म्हणजे ही घरं सरकारी मदतीची ठरतात, आणि अशा घरांच्या विक्रीत भेदभाव करायला राज्याच्या कायद्याने बंदी होती. 'सरकार मध्ये आलं नाही' म्हणणाऱ्यांनी हा निकाल जरूर बघावा.

हडसनकाठ:

न्यू जर्सीत बरीच वर्षं राहतो, म्हणून लिहितो. आमचं घर चाळीसच्या दशकातलं. खरेदीच्या वेळी जुन्या कागदांचा गठ्ठा आला, त्यात टाइपरायटरवर उमटवलेलं असंच एक कलम होतं. आता ते निरर्थक आहे, वकिलाने त्यावर एक मिनिटही घालवलं नाही. मी मात्र ते वाचून बसून राहिलो. त्या काळी इथे येणाऱ्या भारतीयांचा वर्षाचा कोटा १०० होता, आणि तोही १९४६ च्या कायद्याने मिळालेला.

आपल्या मंडळात नेहमी ऐकू येतं: आम्ही दोन सूटकेस घेऊन आलो, स्वतःच्या हिमतीवर उभे राहिलो, मग 'यांना' का जमत नाही? हे ऐकवत नाही. आपली माणसं मोठ्या संख्येने आली ती १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर, डिग्र्या घेऊन. घरं घेतली ती घरविक्रीतल्या भेदभावावर १९६८ मध्ये बंदी आल्यावर. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि आठवड्याभरात त्या कायद्यावर सही झाली. ज्यांनी त्यासाठी रस्त्यावर मार खाल्ला, त्यांनाच आपण आळशी म्हणतो.

तळेगावकर:

हडसनकाठ, मंडळातल्या त्या बोलण्याबद्दल सहमत. मीही तसं कधी म्हटलेलं नाही. पण रानवारा, तुमच्याच उदाहरणातून माझा मुद्दा सिद्ध होतो. अन्याय सरकारी योजनेतून आला. बँकेला स्वतःच्या जोखमीवर कर्ज द्यायचं असतं तर हप्ता भरणाऱ्या काळ्या कारखाना-कामगाराला तिने केव्हाच गिऱ्हाईक मानलं असतं. इतकी ताकद सरकारच्या हाती दिली की ती बहुमताच्या पूर्वग्रहांप्रमाणेच वापरली जाते. मग आज पुन्हा सरकारनेच उपाय करावेत हा आग्रह कशासाठी?

रानवारा:

कारण बँकांना मोकळं सोडून पाहिलेलं आहे. १९६८ च्या कायद्यात सरकारला तक्रारीवर फक्त समेट घडवून आणायचा अधिकार होता, दंड करायचा नाही. ते दात त्याला १९८८ च्या दुरुस्तीत मिळाले. मधली वीस वर्षं दलाल आणि बँका बऱ्याच अंशी आपल्या मर्जीने वागत होते. गिऱ्हाईक म्हणून त्यांनी काळ्या कुटुंबांना स्वखुशीने दार उघडलं असतं तर १९८८ ची दुरुस्ती लागलीच नसती.