मोठा सेन्सर की खिशातला कॅमेरा: तुलना नेमकी कशाची करायची? (एक चर्चा; प्रत्येकाच्या मजकुराआधी त्याचं टोपणनाव आहे)

छायाप्रकाश

व्यावसायिक फुलफ्रेम कॅमेरा आणि खिशात मावणारा कॉम्पॅक्ट यांची तुलना निघाली की "सेन्सर मोठा, म्हणून फोटो चांगला" इथेच बोलणं थांबतं. (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप.) माझ्या मते हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं पुढे कुठली लेन्स लावली आहे त्यावर ठरतं.

आधी मापं. फुलफ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये 'एक इंची' सेन्सर असतो, पण त्याचं खरं माप १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे ११६ चौरस मिमी. (हे इंचाचं नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या ट्यूबच्या बाहेरच्या व्यासावरून आलंय, त्यामुळे फसायला होतं.) क्षेत्रफळात जवळपास साडेसात पट फरक, म्हणजे सुमारे तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). साध्या कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची सेन्सर तर जेमतेम २८ चौरस मिमीचा. तो इथे धरत नाही.

हे तीन स्टॉप पदरात पडतात ते दोन्हीकडे एफ-नंबर (लेन्सचं छिद्र किती उघडं ते सांगणारा आकडा; आकडा लहान तर छिद्र मोठं) सारखा असेल तरच. २०१२ साली आलेल्या सोनी आरएक्स१०० ची लेन्स वाइड टोकाला (झूम न करता, सगळ्यात रुंद दृश्याला) एफ/१.८ आहे. क्रॉप फॅक्टर (फुलफ्रेम सेन्सर या सेन्सरच्या किती पट लांब तो आकडा) २.७ ने गुणलं की फुलफ्रेमच्या हिशेबात ती एफ/४.९ भरते. फुलफ्रेमवर २४-१०५ मिमी (फोकल लेंथ; आकडा जितका मोठा तितकं दृश्य जवळ येतं) एफ/४ झूम लावून फिरणाऱ्याला त्या टोकाला फायदा होतो अर्ध्या स्टॉपहून किंचित जास्त. एपीएस-सी (फुलफ्रेमहून लहान, एक इंचीहून मोठा सेन्सर; क्रॉप फॅक्टर सुमारे दीड) बॉडीबरोबर येणारी १८-५५ एफ/३.५-५.६ किट लेन्स तर वाइड टोकाला एफ/५.३ भरते. म्हणजे तिथे खिशातला कॅमेरा थोडा पुढेच आहे.

दुसरा मुद्दा डेप्थ ऑफ फील्डचा, म्हणजे पुढून मागे किती खोली स्पष्ट येते त्याचा. हॉलमध्ये तीन रांगांचा ग्रुप फोटो घ्या. फुलफ्रेमवर तिन्ही रांगा नीट दिसायला एफ/५.६ लागलं, शटर १/६० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००. कॉम्पॅक्टवर तेवढीच खोली एफ/२ ला मिळते आणि १/६० लाच आयएसओ ४०० पुरतो. दोन्ही फोटो एका आकारात छापले तर नॉइज (दाणेदारपणा) जवळपास सारखाच. मोठ्या सेन्सरने कमावलेले तीन स्टॉप छिद्र बारीक करण्यात खर्च झाले.

तिपाई

हिशेब बरोबर आहे, पण उदाहरणं सोयीची निवडली आहेत. वाइड टोक धरलंत, टेली टोक (पूर्ण झूम केलेलं) का नाही? तोच आरएक्स१०० फुलफ्रेमवरच्या शंभर मिमीच्या बरोबरीच्या टोकाला एफ/४.९ वर येतो, म्हणजे फुलफ्रेमच्या एफ/१३ इतका. आता फुलफ्रेमवर साधी ८५ मिमी एफ/१.८ लावा. फरक पावणेसहा स्टॉपच्या घरात जातो. आयएसओ २०० आणि १०,००० मध्ये जेवढं अंतर, तेवढं.

पोर्ट्रेटमध्येही हेच. दोन मीटरवरून ८५ मिमी एफ/१.८ ला फोकसमधली पट्टी साधारण सहा सेंटिमीटरची असते. डोळे धारदार, कानापर्यंत जाताना मऊ होत गेलेलं. एक इंची कॉम्पॅक्ट ७० मिमीच्या बरोबरीला एफ/२.८ देत असला, तरी तेवढीच चौकट धरल्यावर पट्टी पंचवीस सेंटिमीटरपर्यंत वाढते. चेहरा तर सगळा येतोच, मागच्या भिंतीवरचा स्विचबोर्डही ओळखू येतो.

शिवाय तुमची 'सारखाच नॉइज' ही गोष्ट फक्त उजेड कमी असतानाची आहे. तिपाईवर लँडस्केप घेताना शटर हवं तेवढं लांबवता येतं. तेव्हा दोन्ही कॅमेरे आपापल्या सर्वांत कमी आयएसओवर असतात आणि सेन्सर काठोकाठ भरेपर्यंत प्रकाश घेतात. मोठ्या सेन्सरमध्ये प्रकाश मावतोच जास्त. सूर्यास्ताला आकाश सांभाळून एक्स्पोजर दिलं आणि पुढचा काळा खडक रॉ फाइलमध्ये (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली नोंद) तीन स्टॉपने उजळला, की फुलफ्रेममध्ये खडकाचा पोत दिसतो. कॉम्पॅक्टमध्ये रंगीत दाणे वर येतात आणि ते घालवायला जाल तर पोतही पुसला जातो.

छायाप्रकाश

कमी आयएसओचा मुद्दा मान्य, मूळ मांडणीत तो हवा होता. टेली टोकाचंही मान्य. पण ८५ एफ/१.८ लावलीत म्हणजे तुम्ही सेन्सरची नाही, लेन्सची बाजू मांडलीत. मी तेच म्हणतोय. नुसत्या किट झूमवर वर्षानुवर्षं काढणाऱ्याने मोठ्या बॉडीवर खर्च कशासाठी करायचा?

लखलखाट

यात शटरबद्दल कुणीच बोललं नाही. बहुतेक चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये शटर लेन्सच्या आत, पाकळ्यांचं असतं. मोठ्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोर दोन पडदे असतात आणि १/२०० किंवा १/२५० च्या पुढे गेलं की दुसरा पडदा पहिल्याच्या मागोमाग निघतो. सेन्सर एका क्षणी पूर्ण उघडाच नसतो, म्हणून फ्लॅश मारला की फोटोत काळा पट्टा येतो.

भर दुपारच्या उन्हात चेहऱ्यावरची सावली भरायची आहे असं धरा. आयएसओ १२५ ला फुलफ्रेमवर १/२५० धरलं तर एफ/११ लागतं. पाकळ्यांच्या शटरवर १/२००० चालतं, म्हणून एफ/४ ठेवता येतं. फ्लॅशच्या प्रकाशावर शटर स्पीडचा परिणाम होत नाही, अपर्चरचा (छिद्राचा) होतो. त्यामुळे कॉम्पॅक्टला आठपट कमी ताकद पुरते. मीटरभर अंतरावरच्या चेहऱ्याला अंगचा छोटा फ्लॅशही उपयोगी पडतो. हॉट शू (फ्लॅश जोडायची वरची खाच) असेल तर बाहेरचा फ्लॅश जोडा, पण पूर्ण ताकदीवर नको. पूर्ण ताकदीची चमक शटर मिटेपर्यंत संपत नाही आणि तिचा शेवटचा भाग वाया जातो. पाव ताकदीवर ठेवा.

तिपाई

ताकदीचा हिशेब बरोबर. पण मघाच्याच २.७ च्या गुणाकाराने कॉम्पॅक्टचं एफ/४ म्हणजे फुलफ्रेमचं एफ/११. मागचं सगळं दोन्हीकडे तेवढंच स्पष्ट येणार. उन्हात मागचं धूसर हवं असेल तर फुलफ्रेमवर एफ/२.८ आणि हाय स्पीड सिंक (पडदे सरकत असेपर्यंत फ्लॅश झटपट अनेकदा चमकवायची सोय). त्यात फ्लॅशची ताकद बरीच खर्ची पडते हे कबूल, पण तो फोटो कॉम्पॅक्टने मिळतच नाही.

आणि कॉम्पॅक्ट वापरणाऱ्यांची नेहमीची चूक इथेच सांगतो: "लँडस्केप आहे, एफ/११ लाव." २० मेगापिक्सेलच्या एक इंची सेन्सरवर एक पिक्सेल २.४ मायक्रॉनचा असतो. एफ/११ ला डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश फाकतो त्यामुळे) प्रकाशाचा ठिपका सुमारे १५ मायक्रॉन पसरतो, म्हणजे सहा पिक्सेल. सगळा फोटो पिठूळ दिसतो आणि दोष लेन्सला दिला जातो. या सेन्सरवर एफ/४ ते एफ/५.६ च्या पुढे जाऊ नका, खोली तेवढ्यात भरपूर मिळते.

पेचकस

फोटोंबद्दल पुष्कळ झालं, यंत्राबद्दलही बोला. कॉम्पॅक्ट खिशात मावतो कारण त्याची लेन्स एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची असते. झूम बाहेर येताना नळ्या हवा आत ओढतात आणि हवेबरोबर खिशातली धूळ, कापसाचे तंतू आत जातात. लेन्स निघत नाही, त्यामुळे सेन्सरवर बसलेला कण काढायला सगळा कॅमेरा उघडावा लागतो. लेन्स बाहेर असताना कॅमेरा पडला किंवा बॅगेत चुकून सुरू झाला, तर नळीच्या मार्गदर्शक पिना खाचेतून सुटतात. मग मोटर करकरते आणि पडद्यावर लेन्सची चूक दाखवून कॅमेरा बंद होतो. वाळूचा एक कणही त्याला पुरतो. अशा वेळी नळी हाताने दाबून बसवायला जाऊ नका, दाते तुटतात. खिशात ठेवायचाच असेल तर पातळ, तंतू न सुटणाऱ्या कापडाच्या पाऊचमध्ये ठेवा.

मोठ्या कॅमेऱ्यातही लेन्स बदलताना धूळ जाते, पण ती आपली आपल्याला काढता येते. एफ/१६ ला, फोकस मुद्दाम बिघडवून, पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. राखाडी डाग दिसतील. प्रतिमा सेन्सरवर उलटी पडते, म्हणून समोरून पाहताना फोटोतला वरचा डाग सेन्सरच्या खालच्या भागात शोधा. डावं-उजवं मात्र तसंच राहतं. यात पुष्कळ जण चुकतात आणि स्वच्छ कोपरा घासत बसतात. बॅटरी पूर्ण भरलेली हवी आणि कॅमेऱ्याला आरसा असेल तर तो मेनूतून वर घ्या. मग कॅमेऱ्याचं तोंड खाली करून रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, डबाबंद हवाही नको. कण तरीही चिकटलेला असेल तर २४ मिमी रुंदीच्या स्वॉबवर (सेन्सर पुसायची कापडी टोकाची पट्टी) सेन्सर साफ करायच्या द्रवाचे एक-दोन थेंब टाका. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत एकदाच ओढा, उलटी बाजू करून परत आणा आणि स्वॉब फेकून द्या. तोच पुन्हा वापरलात तर पहिल्या फेरीत उचललेला कण दुसऱ्या फेरीत काचेवर ओढला जातो.

खिसाभर

पेचकस यांचं म्हणणं दुरुस्तीच्या टेबलावर खरं आहे. पण सोनी ए७ III ची बॉडी ६५० ग्रॅम, त्यावर २४-७० एफ/२.८ जीएम लेन्स ८८६ ग्रॅम, म्हणजे दीड किलोच्या वर. आरएक्स१०० बॅटरीसकट २४० ग्रॅम. चढणीच्या वाटेवर कुठला हातात असेल आणि कुठला पाठपिशवीच्या तळाशी, हे वेगळं सांगायला नको. झूम नको असेल तर मधला मार्गही आहे. रिको जीआर III मध्ये एपीएस-सी सेन्सर, २८ मिमी बरोबरीची एफ/२.८ लेन्स, वजन २५७ ग्रॅम.

तिपाई

जीआर चांगला, पण पाखराचा किंवा खेळाचा फोटो त्याच्याने होणार नाही आणि त्याची बॅटरी दिवसभर टिकत नाही. दोन जादा बॅटऱ्या धरूनच वजन मोजा.

छायाप्रकाश

विकत घ्यायच्या आधी दोन्ही हातात मिळाले तर पडताळणी अशी करा. तिपाईवर एकाच जागेवरून सारखी चौकट धरा. फुलफ्रेम एफ/८, कॉम्पॅक्ट एफ/२.८, दोन्हीकडे शटर स्पीड एकच, आयएसओतला फरक तीन स्टॉपचा. दोन्ही रॉमध्ये. मग ४५ मेगापिक्सेलची फाइल आणि २० ची फाइल शंभर टक्के झूमवर शेजारी लावू नका, त्यात मोठी फाइल उगीच वाईट दिसते. दोन्ही एकाच लांबी-रुंदीला आणा आणि आधी कोपरे बघा. वाइड टोकाला लेन्समुळे सरळ रेषांना आलेला बाक कॉम्पॅक्ट कॅमेरा सॉफ्टवेअरने सरळ करतो, त्यात कोपरे ताणले जातात. फरक तिथे सगळ्यात आधी दिसेल.

तिपाई

आणि हेच सगळं एकदा टेली टोकाला, फुलफ्रेमची लेन्स पूर्ण उघडी ठेवून करा.