उरलेल्या लोकरीचे तुम्ही काय करता?

स्वेटर पूर्ण होतो, पण त्याच्या मागे पाव गुंडी, अर्धी गुंडी, कधी जेमतेम मूठभर लोकर उरते. ती टाकवत नाही आणि तिचे नेमके काय करावे हेही सुचत नाही. उरलेल्या लोकरीतून आपण काय विणले आणि ती घरात कशी ठेवता, हे येथे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. फसलेले प्रयोग अवश्य लिहावेत. शक्य असेल तेथे वजन, सुयांचा नंबर आणि लोकरीचा प्रकार द्यावा, म्हणजे वाचणाऱ्याला तो अनुभव स्वतःच्या सुयांवर उतरवता येईल.

सुरुवात मी करते. आई गेल्यानंतर तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत मला ४३ गुंड्या मिळाल्या आणि त्यांतल्या एकीवरही वेष्टन नव्हते. निळ्या आणि पांढऱ्या गुंड्या हाताला सारख्याच जाडीच्या लागल्या, म्हणून भाच्याच्या बाळासाठी १० नंबरच्या सुयांवर पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर विणला. पहिल्याच धुण्यात, गरम पाण्यात, निळे पट्टे आटले आणि पांढरे जसेच्या तसे राहिले. स्वेटरला चुण्या पडल्या त्या कायमच्या. निळी लोकर मेंढीची होती आणि पांढरी ॲक्रिलिकची. तेव्हापासून अनोळखी गुंडीचा बोटभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून पाहते. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि बोटांनी चुरडता येईल अशी काळी राख मागे राहते. ॲक्रिलिक वितळते आणि निवल्यावर त्याचा कडक मणी होतो. सुती धागा कागदासारखा जळतो.

त्या ४३ गुंड्या लावायला मला चार संध्याकाळी लागल्या. आधी प्रकार, मग जाडी आणि सर्वांत शेवटी रंग, या क्रमाने लावल्या तरच त्या पुढे उपयोगी पडतात, असे माझे ठाम मत झाले आहे. आता काही विणून संपले की त्याच दिवशी उरलेल्या गुंडीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधते आणि त्यावर वजन, सुयांचा नंबर आणि ती लोकर कोणाच्या कपड्यातून उरली ते लिहिते. ट्रंकेतली मरून लोकर बाबांच्या स्वेटरची असावी असे मला वाटते. आईने एक चिठ्ठी ठेवली असती तर ते नक्की कळले असते.

रत्नागिरीहून

कोकणातल्या पावसाळ्यात लोकर सांभाळणे हेच मोठे काम आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आवराआवरीत पिशवी उघडली तेव्हा मेंढीच्या लोकरीला कसर लागली होती. गुंडी बाहेरून धड दिसत होती, पण धागा ओढला की वीतभर अंतरावर तुटत होता. त्याच पिशवीतल्या ॲक्रिलिकला मात्र काहीही झाले नव्हते. कसरीच्या अळ्या लोकर, रेशीम, पिसे असे प्राण्यांपासून मिळणारे धागे खातात, हे मला तेव्हा कळले. वाचलेली लोकर हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवली आणि बाहेर काढल्यावर पिशवी घरच्या तापमानाला येईपर्यंत उघडली नाही, नाहीतर आत पाणी धरते. आता खरी लोकर ॲक्रिलिकपासून वेगळ्या डब्यात असते आणि दर दोन महिन्यांनी प्रत्येक गुंडी हातात घेऊन पाहते.

बाळंतविडा विणणाऱ्यांना कळकळीने सांगावेसे वाटते की त्या लोकरीत डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मला हे बजावून सांगितले होते. जी-६-पीडी या विकराची जन्मतः कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅप्थॅलिनमुळे फुटू शकतात, त्यातून तीव्र कावीळ होते, आणि बाळाला ही कमतरता आहे हे घरच्यांना बहुधा आधी माहीत नसते.

नागपूरहून

मी उरलेल्या लोकरीतून वर्षभराचे पांघरूण विणले. रोजच्या कमाल तापमानाप्रमाणे एक रंग घ्यायचा आणि त्या रंगाच्या दोन ओळी, दोन्ही बाजूंनी सुलट, विणायच्या. १८० टाके, ८ नंबरच्या सुया. नागपुरात हे पांघरूण फार सुंदर होते, कारण जानेवारीतले सौम्य दिवस आणि मे महिन्यातले ४५ अंशांच्या आसपासचे दिवस यांत इतके अंतर आहे की रंग खरोखर बदलत जातात. चूक झाली ती रंगांच्या वाटणीत. मी सर्वांत मोठी शिल्लक, म्हणजे तांबडी लोकर, कडक उन्हाळ्यासाठी राखली आणि २८ ते ३२ अंशांसाठी थोडीशी हिरवी ठेवली. प्रत्यक्षात पावसाळ्यातले कितीतरी दिवस आणि हिवाळ्यातलेही बरेच दिवस याच पट्ट्यात येतात, त्यामुळे हिरवी लोकर ऑगस्टमध्येच संपली. पुढे शेवाळी, पोपटी, मेंदी अशा घरातल्या सगळ्या हिरव्या छटा आलटून पालटून वापरल्या आणि आता तोच भाग मला सर्वांत अधिक आवडतो. दोन ओळींना सुमारे ३ ग्रॅम लोकर लागते, म्हणजे वर्षाला किलोहून थोडी अधिक. सुरुवात करण्याआधी गेल्या वर्षीच्या तापमानाची नोंद पाहून कोणते अंश किती दिवस येतात ते मोजावे आणि मगच रंग ठरवावेत.

कल्याणहून

चेन्नईत जानेवारी २०१६ मध्ये ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचे क्रोशाचे पांघरूण करून गिनीज विक्रम नोंदवला आणि पुढे त्यातली सुटी केलेली पांघरुणे गरजूंना दिली गेली. ते वाचल्यापासून आमच्या इमारतीतल्या सहा जणी आपापली शिल्लक एकत्र करतो. प्रत्येकीने आठवड्याला एक चौकोन करायचा आणि शेवटची ओळ सर्वांनी काळ्या लोकरीची घालायची, एवढाच नियम आहे. काळ्या काठामुळे एकमेकांशी न जुळणारे रंगही शेजारी शोभतात.

कोल्हापूरहून

मी स्वतः विणत नाही. पत्नी विणते, आणि उसवणे, लडी करणे व गुंडाळणे हा भाग तीस वर्षे माझ्याकडे आहे. जुना स्वेटर उसवला की धाग्यात टाक्यांच्या वळ्या राहतात आणि तशाच धाग्याने विणले तर वीण ओबडधोबड येते. म्हणून तो खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून त्याची लडी करावी, लडी चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावी, न पिळता पाणी निथळू द्यावे आणि सावलीत टांगून वाळवावी. खऱ्या लोकरीच्या वळ्या यात जवळजवळ पूर्ण जातात, ॲक्रिलिकच्या पुष्कळशा राहतात. गुंडी करताना धागा ताणून गुंडाळू नये. ताणलेल्या गुंडीतली लोकर विणल्यावर आणि धुतल्यावर आखडते, मग माप चुकते. आमच्याकडे चार बोटांवर गुंडाळून मध्येच बोटे काढून घेण्याची पद्धत आहे, त्याने गुंडी आपोआप सैल राहते.

ॲबरडीन, स्कॉटलंडहून

इथून उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मधोमध, फेअर आयल नावाचे लहानसे बेट आहे आणि त्याच्याच नावाने ओळखले जाणारे विणकाम उरलेल्या लोकरीसाठी मला सर्वांत योग्य वाटते. नक्षी कितीही रंगीत दिसली तरी एका ओळीत दोनच रंग असतात, न लागणारा धागा मागच्या बाजूने जातो आणि काही ओळींनी रंग बदलतात. त्यामुळे ५–६ ग्रॅमची शिल्लकही टोपीत सहज खपते. धाग्यांची टोके जोडण्याची इथली एक रीत मला फार उपयोगी पडली. दोन्ही टोके थोडी पिंजून एकमेकांवर ठेवायची, ओली करायची आणि तळहातांमध्ये जोरात चोळायची, म्हणजे ती एकजीव होतात आणि गाठ मारावी लागत नाही. हे फक्त आटणाऱ्या खऱ्या लोकरीत जमते, ॲक्रिलिकमध्ये नाही, आणि यंत्रात धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेल्या लोकरीतही नाही.

मुंबईहून

आमच्याकडे लोकरीसाठी कपाटाचा एकच कप्पा आहे, त्यामुळे प्रारंभी मांडलेल्या क्रमाशी मी थोडी असहमत आहे. मी सरसकट ॲक्रिलिकच विणते, म्हणून जाडीनुसार तीन पारदर्शक डबे पुरतात आणि डब्यात रंगाप्रमाणे लावले की नवी लोकर विकत घेण्याआधी घरात काय आहे ते दिसते. स्वयंपाकघरातला वजनकाटा मात्र मीही वापरते. कोपऱ्यापासून टाके वाढवत चौकोन विणायला घेते आणि गुंडीचे वजन निम्मे झाले की टाके कमी करायला लागते. असे केले की शेवटच्या टाक्यापर्यंत लोकर पुरते.

हातभर लांबीचे तुकडे मी पूर्वी पक्ष्यांच्या घरट्यांसाठी गॅलरीत टांगत असे. एकदा चिमणीच्या पिल्लाच्या पायाला धाग्याचा फास बसलेला पाहिला, तो कात्रीने सोडवला आणि ते कायमचे बंद केले. हे कोणी करत असल्यास कृपया थांबवावे. आता ते तुकडे उशीच्या जुन्या अभ्र्यात साठवते आणि नातीच्या विणलेल्या खेळण्यांमध्ये भरते. सध्या सुयांवर तिसरा ससा आहे. त्याच्या कानांसाठी मला ११ ग्रॅम फिकट गुलाबी, चार पदरी ॲक्रिलिक लोकर कमी पडते आहे. कोणाकडे शिल्लक असल्यास कळवावे, बदल्यात माझ्याकडची २० ग्रॅम मोरपंखी देईन.