कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये छोटे उद्यान: रंगमंच कुठे आणि कसा?

फोंडेकर_कॉलनी:
नमस्कार. गोव्यात फोंड्याला आमच्या कॉलनीची साधारण १२०० चौरस मीटर ओपन स्पेस आहे. आजवर तिथे गवत आणि पार्किंग. आता उद्यान करायचे घाटते आहे. आर्किटेक्टने नकाशा दिलाय: मधोमध कारंजे, भोवती लॉन, पश्चिमेच्या कोपऱ्यात चार फूट खोल अँफिथिएटर, म्हणजे पायऱ्यांचा खोलगट रंगमंच. दिसायला झकास. पण आम्हाला तिथे चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) फुगड्या, दिवाळीत पोरांचा नरकासुराचा पुतळा जाळणे, शिगम्याची (आपल्या होळीच्या उत्सवाची) तालीम, वर्षाकाठी एक नाटक आणि कोपऱ्यावरच्या खुरसापुढची (क्रॉसपुढची) लादाईन, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थना, सगळेच करायचे आहे. दोनेकशे माणसे धरा. नकाशात काय बदलू? कमिटीत रोज भांडणे चाललीत.

सांतइनेजचा_माड:
कारंजे काढा. पंप बिघडला की उरते ते साठलेले पाणी आणि डेंग्यूचे डास. एवढेच.

माटोवकार:
जत्रेतल्या नाटकांना माटोव (मांडव) आणि लाइट घालणे हा माझा धंदा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खोल अँफिथिएटर आधी खोडा. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. चवथ त्यातच येते. म्हणजे तुमचा सगळ्यात मोठा कार्यक्रम खड्ड्यातल्या पाण्यात. अशाच एका उद्यानात नाटकाच्या आदल्या दिवशी आम्ही ब्लीचिंग पावडर टाकून, नारळाच्या हिराने पायऱ्यांवरचे शेवाळ खरवडले होते. तरी पहिल्या ओळीत कोणी बसायला तयार नव्हते.

रंगमंच पश्चिमेला नको. संध्याकाळी पाचला मुलांचा कार्यक्रम ठेवलात तर पालकांच्या डोळ्यांत ऊन. उत्तरेला घ्या, म्हणजे मावळतीचे ऊन प्रेक्षकांच्या डाव्या हाताला जाईल. चौथरा तीस बाय चोवीस फूट, उंची अडीच फूट, पुढच्या सबंध बाजूला पायऱ्या. कार्यक्रम नसेल तेव्हा म्हातारी मंडळी त्यावरच बसतात, बाकड्यांचा खर्च वाचतो. व्हीलचेअरसाठी बारास एक उतार धरला तर अडीच फुटाला तीस फूट रॅम्प लागतो, तो मागून वळवा.

सगळ्यात स्वस्त आणि सगळे विसरतात ती गोष्ट: माटोवाच्या खांबांसाठी जमिनीत लोखंडी नळ्या कायमच्या बसवा, वर झाकण. नाहीतर दर वेळी माझी पोरे पहार घेऊन तुमची फरशी फोडणार आणि शिव्या मी खाणार. थ्री फेज मीटर, रंगमंचामागे जमिनीपासून उंच कुलूपबंद पेटी, अर्थिंग, आणि गळती झाली की वीज तोडणारा ईएलसीबी. शेजारच्या घरातून वायर ओढून नाटके केलेली कॉलनी मी पाहिली आहे, दुसऱ्या अंकात अंधार.

मधली जागा रिकामी ठेवा. लॉन नको, दोनशे माणसे एक रात्र बसली की संपले. दाबलेला मुरूम, शंभरास एक उतार, कडेने गटार.

फुगडीवाली_मावशी:
माटोवकारबाब, बाकी सगळे पटले, पण मुरूम? फुगडी अनवाणी घालतात हो! खडे टोचले की गिरकी घेताना पाय उचलत नाही. चौथऱ्यावर आम्हा आठ-दहा जणींचा फेर बसेल, पण तो ओला असेल तर पडायलाच. तिथे कोबा करा आणि ओला असतानाच त्यावर झाडूने रेघा ओढा. गुळगुळीत टाइल कोणी सुचवली तर त्याला आधी नाचायला लावा.

दुसरे, पावसाचे काय? मंगेशीच्या देवळाच्या अंगणाभोवती अग्रशाळा (भाविकांना उतरायच्या खोल्या) आहेत, पाऊस आला की माणसे त्यांच्या पडवीत सरकतात. तुम्हीही एका बाजूला दहा फूट खोल कौलारू पडवी घ्या. तिच्याच टोकाला दोन संडास आणि कपडे बदलायची खोली. बायका कार्यक्रमाला का थांबत नाहीत याचे कारण बऱ्याचदा तेवढेच असते.

माटोवकार:
मावशी, कोबा मान्य. पण फक्त चौथऱ्यावर आणि पडवीत! सगळीकडे काँक्रीट केले तर पाणी रस्त्यावर.

नरकासुरासाठी मात्र वेगळा तुकडा ठेवा, नुसत्या मातीचा, झाडे आणि वायरींपासून लांब. आतल्या फटाक्यांनी कोबासुद्धा काळा पडतो. आणि प्रेक्षकांच्या जागेवर माड लावू नका, नारळ तिकीट बघून पडत नाही. बकुळ लावा, वाढायला वेळ घेते पण सावली गच्च. आता असलेले झाड तोडायचे असेल तर १९८४ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी घ्या.

पणजीकर:
आवाजाचे आत्ताच बोलून घ्या. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगी सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकते, पण वर्षात सगळे मिळून १५ दिवसच. शाळा किंवा इस्पितळ १०० मीटरच्या आत असेल तर आणखी अडचण. नाटक साडेनऊला सुरू करायची सवय सोडा, सातला घंटा द्या.

फोंडेकर_कॉलनी:
देव बरें करूं सगळ्यांना. कारंजे आणि खड्डा रविवारच्या बैठकीत कापतो. पडवीला पैसे पुरतील का ते बघावे लागेल, कदाचित चौथरा आधी आणि कौले पुढच्या वर्षी. माटोवकारबाब, त्या नळ्यांचा व्यास किती ठेवू?

माटोवकार:
तुमच्या गावच्या माटोववाल्याचा खांब आणून मोजा आणि अर्धा इंच जास्त ठेवा. प्रत्येकाचे पाइप वेगळे. आणि पडवी पुढच्या वर्षावर ढकललीत तर चवथीला मावशी तुम्हाला सोडणार नाहीत.