माळवद पाडावं की ठेवावं? आई 71 वर्षांची, घर औसा तालुक्यात

ओसरीवरची

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला उत्तर देता येणार नाही.

मी लातूरला शाळेत शिकवते. गावातलं घर औसा तालुक्यात, किल्लारीपासून मोटारसायकलवर पाऊण तास. पणजोबांनी बांधलेलं, दगडमातीचं, माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं. ढाळज (दारातली बसायची पडवी), आत चौक, चौकाला लागून सोपे (चौकाकडे उघड्या ओसऱ्या), मागे उत्तरेला स्वयंपाकघर आणि देवघर. भिंती अडीच फूट रुंद. आई तिथं एकटी राहते आणि लातूरला यायला तयार नाही.

मागच्या पावसाळ्यात स्वयंपाकघर तीन ठिकाणी गळालं. किलचांना, म्हणजे तुळयांवरच्या लाकडी पट्ट्यांना, वाळवी लागलीय, चिमटीत धरलं की भुगा होतो. भाऊ पुण्यात असतो. त्याने तिथल्या एका डिझायनरकडून नकाशा काढून आणलाय: सगळं पाडायचं, 1800 चौरस फुटांचं दुमजली घर, समोर रस्त्याच्या बाजूला म्हणजे पश्चिमेला दोन मजले उंच काच, फॉल्स सीलिंग, ओपन किचन. ढाळज नाही, चौक नाही. आईने नकाशा बघितला आणि विचारलं, "ह्यात बसायचं कुठं?"

मी या मे महिन्यात थर्मामीटर घेऊन गेले होते. दुपारी तीनला चौकात सावलीत 41, सोप्यात 33. पलीकडच्या गल्लीत चुलत्यांची स्लॅबची खोली आहे, तिथं रात्री दहाला 36. आई म्हणते, "मला भट्टीत नका घालू."

पण भावाचंही खोटं नाही. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही सगळे त्याच घरात होतो. गणपती विसर्जनाची रात्र, मी बारा वर्षांची. आमचं घर पडलं नाही, पण उत्तरेच्या भिंतीला पोट आलं, ते आजही तसंच आहे. बाभळीचे तीन टेकू लावलेत. मावशी किल्लारीजवळच्या गावात दिली होती. ती माळवदाखालीच गेली. तेव्हापासून आई दिवसभर सोप्यात असते, रात्री मात्र चौकात पत्र्याखाली झोपते. इतकी वर्षं झाली, थंडीतही तसंच. आणि तरीही घर पाडू देत नाही.

वडील होते तोवर दर वर्षी मृगाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकून धुम्मस मारायचे, म्हणजे ती ठोकून घट्ट बसवायचे. थरावर थर चढत गेले. परवा कडेला मोजलं तर पावणेदोन फूट भरली.

मला हे कळायला हवंय: असं घर भूकंपाला टिकेल इतकं मजबूत करता येतं का? आणि ते जमणार नसेल, तर नवं घर असं बांधता येईल का, की आईला मे महिन्यात दुपारी त्यात बसवेल?

गवंड्याचा_नातू

ताई, आजोबा आणि वडील दोघेही गवंडी, मी सिव्हिल डिप्लोमा करून निलंगा भागात कामं घेतो. भूकंपानंतर वडिलांनी सरकारी दुरुस्तीच्या कार्यक्रमात घरं मजबूत केली होती, त्यांच्या हाताखाली मी शिकलो.

आधी एक सांगा. सोप्यातले लाकडी खांब भिंतीपासून सुटे उभे आहेत का? म्हणजे माळवदाचं वजन तुळयांवरून खांबांवर येतं, की तुळयांची टोकं सरळ भिंतीत घुसली आहेत? सगळा निर्णय यावर आहे. आपल्याकडे 93 ला कितीतरी घरांत भिंती बाहेर कोसळल्या आणि खांब-तुळयांचे खण मात्र जागच्या जागी उभे राहिले. लाकडी सांगाडा हलतो, वाकतो, पण एकदम बसत नाही. तुळई भिंतीवर टेकलेली असेल तर भिंत गेली की माळवद खाली येतं.

भिंत का जाते तेही सांगतो, म्हणजे भावाशी बोलताना उपयोगी पडेल. अडीच फुटांची भिंत बघून मजबूत वाटते, पण ती एक भिंत नसते. बाहेरून घडीव दगडांचा एक पडदा, आतून एक पडदा, आणि मधे माती व चिपा. दोन पडद्यांना सांधणारा आरपार दगड गवंड्याने घातलेला नसेल तर हादऱ्याने दोन्ही पडदे एकमेकांपासून सुटतात. तुमच्या भिंतीला आलेलं पोट म्हणजे बाहेरचा पडदा सुटलाय. टेकूंनी तो फक्त थांबलाय. तिथं पाणी मुरत असेल तर टेकूंवर भरवसा ठेवू नका. आईंचा वावर त्या खोलीतून आजच हलवा.

आणि ती पावणेदोन फूट माती. साधारण हिशेब: चौरस मीटरला 800 किलोच्या वर वजन. दहा बाय बाराच्या खोलीवर 9 टन. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला 300 किलोच्या थोडं वर असतं. वडिलांनी गळती थांबवायला दर वर्षी माती वाढवली, सगळ्यांनीच वाढवली, आणि डोक्यावरचं ओझं नकळत दुपटीवर गेलं.

उमरगेकर

मी 2011 ला माळवद पाडून स्लॅब टाकला. तेव्हा मला कुणी सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो.

स्लॅबचं घर वाईट नाही. गळत नाही, विंचू पडत नाहीत, भूकंपाची धास्ती कमी. पण आमच्या घरात चौक गेला आणि घरातली हवाच गेली. मधल्या दोन खोल्यांना बाहेरची भिंत नाही, दिवसा दिवा लावावा लागतो. गच्ची दिवसभर तापते आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडते. फॉल्स सीलिंग केलं, त्याने छत अजून खाली आलं. दोन कूलर लागतात, आणि कूलरला पाणी लागतं. 2016 ला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं ते दिवस आठवा. त्या उन्हाळ्यात आमचा कूलर कोरडा आणि वडील अंगणात लिंबाखाली.

दुसरं, नवं घर शेतात बांधायचा विचार भाऊ करत असेल तर सावध. गावठाण पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीवर असतं ते उगीच नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया हलवते. चुलतभावाचा बंगला चार वर्षांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरका तडकला.

कंपासपेटी

मी सोलापुरात वास्तुरचनेचं काम करते. आधी नकाशाबद्दल, कारण त्याचा मला खरंच राग आला.

पश्चिमेला दोन मजले काच हे आपल्या भागात करूच नये. मे महिन्यात दुपारी दोन ते सहा ऊन तिरपं होत थेट आत येतं, छज्जाही ते अडवू शकत नाही. काचेतून आत आलेली उष्णता आतच कोंडते. पश्चिमेला जाड भिंत हवी, जिना हवा, कोठार हवं, नाहीतर झाड. तुमच्या पणजोबांनी तिकडे ढाळज ठेवली. त्या सावलीतून गेल्यावरच ऊन घरात शिरायचं.

माळवदाखाली थंड का वाटतं? जाड माती आणि जाड दगड तापायला अर्धा दिवस घेतात. उष्णता आत पोचते तोवर रात्र झालेली असते, आणि रात्री चौकातून व साण्यातून (छतातल्या झरोक्यातून) गरम हवा वर निघून जाते. जाडी आणि रात्रीचा वारा, दोन्ही मिळून काम करतात. म्हणून नुसती जाड भिंत बांधून चौक बुजवला तर उपयोग नाही. नव्या घरात वजन कमी ठेवून हेच साधायचं.

गच्चीवर पांढऱ्या चकचकीत टाइल्सचे तुकडे बसवतात, त्याला चायना मोझॅक म्हणतात. ऊन परत फेकलं जातं, पाणीही मुरत नाही. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी, 2018 चं वास्तुकलेचं प्रित्झकर पारितोषिक मिळालेले, यांनी अहमदाबादला स्वतःचं कार्यालय 'संगाथ' बांधलं, त्याच्या अर्धगोल छतांवर हेच आहे. आणि अहमदाबादचा उन्हाळा आपल्यापेक्षा सौम्य नाही. टाइल्सच्या दुकानात फुटका माल स्वस्तात मिळतो. तेही नको असेल तर गच्चीला दर वर्षी उन्हाळ्याआधी चुना मारा. चुलत्यांच्या त्या 36 अंशांच्या खोलीला पहिल्यांदा हेच करून बघायला सांगा.

स्लॅबमध्ये खालच्या भागातलं काँक्रीट फारसं काम करत नाही, ताण सळई घेते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात त्या जागी दोन-दोन मंगलोरी कौलं घालून स्लॅब टाकले. त्याला फिलर स्लॅब म्हणतात. काँक्रीट वाचतं, वजन घटतं, कौलांच्या मधे हवा राहते, आणि खालून कौलांची नक्षी दिसते, मग फॉल्स सीलिंगची गरजच उरत नाही. भिंतीसाठी त्यांनीच केरळात रुजवलेला रॅट ट्रॅप बाँड: विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या, मधे पोकळी राहते. विटा सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात आणि भिंत कमी तापते. कोपऱ्यांच्या पोकळीत उभी सळई घालून काँक्रीट भरता येतं. पायाच्या वर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली असे काँक्रीटचे सलग पट्टे मात्र चारही भिंतींवरून फिरलेच पाहिजेत. गवंडी म्हणाला "एवढ्याशा घराला काय करायचंय" तरी ऐकू नका.

जमिनीला चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल नको, आईंचा पाय ओल्या जागी घसरेल. शहाबादी फरशी घ्या, ती आपल्या शेजारचीच. आणि आई भाकरी बसून थापतात की उभ्यानं, ते विचारल्याशिवाय ओट्याची उंची ठरवू नका. मिरचीची फोडणी घालणाऱ्या घरात ओपन किचन कशासाठी, ते मला कळलेलं नाही.

ओसरीवरची

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी गावी जाऊन आले. नातूदादा, टॉर्च घेऊन एकेक तुळई बघितली. ढाळज, दक्षिणेचा आणि पूर्वेचा सोपा: खांब भिंतीपासून वीतभर सुटे, सागाचे, मी वर्षानुवर्षं त्यांना टेकून अभ्यास केला तरी हे कधी लक्षात आलं नव्हतं. उत्तरेकडे, स्वयंपाकघर आणि देवघरात, खांबच नाहीत. तुळया सरळ भिंतीत. पोट आलेली भिंत तीच. आईची चूल मी ओसरीवर हलवली आणि खोलीला कुलूप लावलं.

आता माझ्या मनात असं येतंय की मागचं पाडावं आणि पुढचं ठेवावं. हे चूक तर नाही ना?

गवंड्याचा_नातू

चूक नाही. मीही हेच सांगितलं असतं, फक्त क्रम पाळा.

आधी पुढच्या भागावरची माती उतरवा. एकदम एका बाजूची नाही, दोन्ही बाजूंनी थोडी थोडी. कुजलेली किलचं बदला. त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद आणि वर आठच इंच माती, पन्हाळीकडे उतार देऊन. गळती कागद अडवेल, मातीचे थर चढवायची गरज नाही. वजन स्लॅबइतकं राहील. गारवा थोडा कमी होईल, पण राहील.

मग खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरपे लाकडी टेकू ठोका, म्हणजे सांगाडा एका बाजूला झुकणार नाही. भिंतीत तीन-चार फुटांवर एकेक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक करा, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरा. झाला आरपार दगड. घण वापरू देऊ नका, पहारीनं हळूच. दारांच्या वरच्या पातळीला आतून आणि बाहेरून जाळीचा पट्टा, भिंतीतून तारेने बांधून वर सिमेंटचा गिलावा. कोपऱ्यात जाळी तुटू द्यायची नाही, वळवून न्यायची.

मागची भिंत शेवटी उतरवा, आणि आधी त्या तुळयांना खालून आधार द्या. पण काम सुरू करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष आणा. मी इथं बसून जे लिहितोय ते डोळ्यांनी बघितल्यासारखं नाही.

कंपासपेटी

मागच्या भागात नवं स्वयंपाकघर, देवघर आणि आईंच्या झोपायच्या जागेला लागून न्हाणी-संडास, फिलर स्लॅबखाली. नवं आणि जुनं बांधकाम एकमेकांना जोडू नका, मधे दोन इंचांची फट ठेवा आणि वर पत्र्याची टोपी घाला. दोन्हींचं हलणं वेगळं असतं.

साणी बुजवू नका. कडा वीतभर उचलून वर काच, आणि बाजूंना जाळी, म्हणजे पाऊस येणार नाही पण गरम हवा निघेल.

सगळं छत धरून 1200 चौरस फूट आणि पाऊस 700 मिलिमीटर धरला तरी वर्षाला 60 हजार लिटर पाणी पन्हाळीतून जातं. चौकाखाली हौद घ्या. खोदकाम चाललेलं असतानाच घ्या, नंतर होत नाही. फक्त जुन्या खांबांच्या आणि भिंतींच्या पायापासून लांब.

ओसरीवरची

भावाशी बोलले. हे सगळं त्याला वाचून दाखवलं. खांबांचं ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, इंजिनिअरचा खर्च मी देतो, तो हो म्हणाला तरच पुढे. काचेचा विषय त्याने स्वतःच सोडला.

आईला आरपार दगडाचं समजावलं, तिला ते पटकन कळलं. गोधडीला टाके नसले की आतल्या चिंध्या गोळा होतात, तसंच की, म्हणाली. मागचं पाडायला तिने हरकत घेतली नाही. त्या खोलीत ती स्वतःही घाबरतच होती, हे परवा पहिल्यांदा बोलली. तिची एकच अट आहे: नव्या स्वयंपाकघरालाही साणं पाहिजे, भाकरी थापताना उजेड वरून पडला पाहिजे. आणि ओटा नको, ती बसूनच थापणार. कंपासपेटीताई, फिलर स्लॅबमध्ये साणं ठेवता येतं ना?

पुढच्या भागावरची माती उतरवायला दिवाळीनंतर सुरुवात. नातूदादा, व्यनि (वैयक्तिक निरोप) केलाय, इंजिनिअर येणार त्या दिवशी तुम्हीही यावं अशी विनंती आहे. चौकातला पत्रा आई म्हणते तोवर तसाच राहील.