जन्मभराचा एकच कॅमेरा: नाशिककरांनो, तुमचा कोणता?

मंडळी, गंगापूर रोडवरचं घर सोडून लहान फ्लॅटमध्ये चाललोय. बायकोने कपाटाचा एक कप्पा देऊ केलाय, त्यातला अर्धा तिच्या शिवणाच्या डब्याचा. माझ्याकडे कॅमेरे सहा. तीन चालतात, एक चालतो असं मी म्हणतो, दोघांबद्दल न बोललेलं बरं. करार असा झालाय की एकच ठेवायचा, मरेपर्यंत तोच वापरायचा.

म्हणून हा धागा. नुसती मॉडेलची नावं नकोत. का टिकला, कुठे दगा दिला, दुरुस्त कोणी केला, ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. मन निकॉनच्या एफएम-टू या रोलच्या कॅमेऱ्याकडे ओढतंय. मॉडेल १९८२ चं. शटर पूर्ण यांत्रिक, सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत जातं. दोन बटणसेल लागतात ते फक्त लाइटमीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या काट्याला. १९ सप्टेंबर २००८ ला गोदेला पूर आला, ज्याच्यावरून आपण पूर मोजतो तो नदीतला दुतोंड्या मारुती बुडत चालला होता आणि नेमके तेव्हाच माझे सेल संपले. दुकानं बंद. ढग दाट, रोल ४०० स्पीडचा, म्हणून अंदाजाने भिंगाचं तोंड एफ ५.६ आणि शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवलं आणि छत्री बगलेत दाबून उरलेले फोटो काढले. धुऊन आल्यावर दोन गेले होते, तेही छत्रीची काडी मध्ये आल्यामुळे.

दुसरा उमेदवार निकॉनचाच डिजिटल, डी-९०. तोही २००८ चाच. एफएम-टूची जुनी भिंगं त्यावर चढतात, पण मीटर चालत नाही. एका घरातले दोघे एकाच ताटात जेवतात पण बोलत नाहीत, तसं.

*रविवार कारंजा, स्टुडिओ होता, आता नाही*

याशिका मॅट-१२४जी. प्रश्नच नाही. एका १२० रोलवर बारा फोटो. लग्नाला चार रोल घेऊन जायचो, म्हणजे अठ्ठेचाळीस वेळा खटका. मंगलाष्टकांना चार, कन्यादानाला दोन, बाकीचं बघून. वरून काचेत बघायचं, त्यात डावं-उजवं उलटं दिसतं. नवरा डावीकडे सरकला की हात आपोआप उजवीकडे जायचा. अजूनही स्कूटर चालवताना कधीकधी गोंधळ होतो.

खरा शत्रू बुरशी. जुलै-ऑगस्टमध्ये कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवलात तर काचेवर कोळ्याचं जाळं धरतं. चामडं ओल धरून ठेवतं. केस फेकू नका, पण कॅमेरा त्यात ठेवू नका. पोहे ठेवायचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात निळी सिलिका जेल. खडे गुलाबी झाले की ओल प्यायले समजा. कढईत मंद आचेवर परता, पुन्हा निळे होतात. ही कढई स्वयंपाकाला पुन्हा वापरायची नाही. आमच्याकडे यावरून एकदा भांडण झालंय.

*सिडको*

फोन. बाकी सगळे शौक.

*(मी: मान्य. पण प्रश्न जन्मभराचा आहे आणि माझा फोन चौथ्या वर्षी दुपारीच मान टाकतो.)*

*निफाडकडून, द्राक्षवाला*

तुमच्यासारखी कलाबिला नाही माझी, बाग आहे. ऑलिम्पसचा टीजी-६ वापरतो, २०१९ चं मॉडेल. पंधरा मीटर पाण्यात चालतो म्हणे. आमच्याकडे एवढं पाणी विहिरीतही नसतं, पण फवारणीच्या हाताने धरला तरी नळाखाली धुता येतो, ते मोठं काम. मायक्रोस्कोप मोडवर टाकला की पानाला जवळजवळ टेकवून फोटो निघतो.

फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर धुई पडली की सकाळी पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग दिसतो. पान उलटवायचं. खाली पांढरी, कापसासारखी वाढ असेल तर डावणी रोग. राख टाकल्यासारखं दिसलं तर भुरी रोग. दोन्हीची औषधं वेगळी, पैसे वेगळे. पूर्वी सल्लागाराला फोनवर सांगायचो, 'साहेब, पान कसंतरीच दिसतंय.' आता दोन फोटो पाठवतो, वरचा आणि खालचा. एक फवारणी वाचली की कॅमेऱ्याची निम्मी किंमत वसूल. जास्तीच्या दोन बॅटऱ्या आत्ताच घेऊन ठेवल्यात, पुढे मिळतील न मिळतील.

*जुनं नाशिक*

माझा अनुभव वाईट. रंगपंचमीला रहाडीचे फोटो काढायला गेले. पेशवाईपासूनचे हौद, त्यात गरम रंगाचं पाणी, लोक उड्या मारतात. लांब झूमचा डिजिटल कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, भिंगापुरतं भोक पाडून उभी होते. कोणीतरी धप्पकन अशी उडी मारली की भोकातूनच पाणी आत. भिंग बाहेर आलेलं तसंच अडकलं. दुरुस्तीवाल्यांनी नव्याच्या निम्म्याहून जास्त खर्च सांगितला, वर पार्ट येईलच याची खात्री नाही म्हणाले. शोकेसमध्ये आहे. अजून झटकला तर केशरी पूड पडते. विकत घेताना एकच विचारा: बिघडला तर गावात कोण उघडेल?

*(मी: ताई, हे मी वर लिहायला हवं होतं. माझे न बोलण्यालायक दोन याच जातीचे.)*

*नाशिकरोड, प्रेसमधून निवृत्त*

ऑलिम्पस ओएम-१. हातात इतका छोटा की सौ.ला खेळणं वाटला होता. अडचण सेलची. त्याला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो बाजारातून गेला. १.५ चा साधा घातला की मीटर खोटं बोलतं. तोडगा घरातच सापडला. वडिलांच्या कानाच्या यंत्राचा ६७५ नंबरचा सेल १.४ व्होल्टचा. आकाराने जरा लहान, म्हणून भोवती रबरी वायसर. मागचा स्टिकर काढला की हवा लागून चालू होतो आणि दोनेक महिन्यांत संपतो. एकदा कसारा घाटात फोटो काढायचे म्हणून पंचवटी एक्स्प्रेसने निघालो आणि घरी वडील संध्याकाळपर्यंत सगळ्यांना 'काय? काय?' करत बसले. तेव्हापासून दोघांची पाकिटं वेगळी.

*पक्षी बघतो, नांदूर मध्यमेश्वरला दर रविवारी*

काका, तुमचा प्रश्नच चुकलाय. कॅमेरा जन्मभराचा नसतो, भिंग असतं. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे भिंग बसवायची खाच, १९५९ पासूनचा, त्यामुळे माझं ३०० मिलिमीटरचं भिंग तिसऱ्या बॉडीवर आहे. उलट मोठ्या भावाची कॅननची एफडी भिंगं. १९८७ मध्ये कंपनीने माउंटच बदलला, जुनी भिंगं नव्या बॉडीवर बसेनात. भाऊ अजून त्या विषयावर जेवताना बोलतो. गोदावरी-कादवा संगमावर पहाटे धुक्यात चित्रबलाक उडाला की यांत्रिक शटरचं कौतुक करायला वेळ नसतो. सेकंदाला पाच-सहा फोटो हवेत, तेव्हा कुठे एकात डोळा धारदार येतो.

*(मी: पक्ष्यांसाठी मान्य. पण मी काढतो ते देवळाच्या पायऱ्या, नातवंडं आणि बायकोची पाठ, कारण ती वळत नाही.)*

*त्र्यंबकेश्वर, शाळेत शिकवते*

जरा अवांतर. दादासाहेब फाळके आमच्या गावचे. १९१२ मध्ये ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली, एकेक चौकट करून. पडद्यावर रोप सरसर वर आलं. मुलांना हे सांगितल्यावर सगळ्यांना मटकीला मोड कसे येतात ते टिपायचं आहे. एकच कॅमेरा हवा, जो टेबलावरून दोन दिवस हलणार नाही. तुमच्या सहांपैकी एखादा भंगारात जाणार असेल तर सांगा.

*(मी)*

काल एफएम-टू घेऊन भद्रकालीतल्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. मागचं झाकण उघडलं तर प्रकाश अडवणारा फोम वितळून काकवीसारखा चिकट झालेला. काकांनी काडीला स्पिरिट लावून खरवडला, काळ्या मखमलीची बारीक पट्टी कापून खाचेत बसवली. चाळीस मिनिटं लागली. मग शटर कानाशी धरून एक सेकंदावर दोनदा मारलं आणि म्हणाले, 'हा तुम्हाला पुरून उरेल. पण असाच एक बंद पडलेला घेऊन ठेवा. पार्ट त्यातूनच काढावे लागतील.'

घरी हे सांगितलं. 'म्हणजे दोन,' बायको म्हणाली. मी म्हणालो, दुसरा कॅमेरा नाही, पार्ट आहे. निर्णय राखून ठेवलाय.

त्र्यंबकच्या ताई, डी-९० तुमचा. त्यात ठरावीक वेळाने आपोआप फोटो घ्यायची सोय नाही, मुलांना पाळ्या लावा, दर तासाला एक. रविवारी आणून देतो. चार्जर शोधतोय. खोक्यात पाच निघालेत आणि त्याची बॅटरी एकातही बसत नाही.