टेस्ट केली तेव्हा नेमकं काय होत होतं? अनुभव लिहा

"ताप नाही ना, मग कोविड नाही" हे अजूनही ऐकू येतं म्हणून विचारतेय. वय, आधीचे आजार, पहिल्या दिवशी काय वाटलं, रिपोर्ट काय आला, जमेल तसं लिहा. माझं वय 41, थायरॉइडची गोळी चालू. एप्रिल 2021, आधी दोन दिवस नुसती कंबर दुखत होती, मला वाटलं पाळी येणार असेल, तिसऱ्या दिवशी ताप आणि पाचव्या दिवशी वास गायब. नाक चोंदलेलं नव्हतं, मोकळं होतं, पण साबण नाकाला चिकटवला तरी काही नाही. आरटीपीसीआर पॉझिटिव्ह.

--

सासरे, 78, शुगर. ताप नाही, खोकला नाही, फक्त जेवण कमी आणि बोलणं भलतंच, दुपारी चारला म्हणे सकाळ झाली का. आम्ही शुगर तपासत बसलो आणि त्यात दोन दिवस गेले. ऑक्सिमीटर लावला तर 86, यंत्र बिघडलं म्हणून माझ्या बोटाला लावून बघितलं तर 98! दम लागल्याची तक्रारच नव्हती हो त्यांची. लगेच अ‍ॅडमिट केलं. अकरा दिवसांनी घरी आले.

--

काहीही नव्हतं. हर्नियाच्या ऑपरेशनआधी टेस्ट केली, पॉझिटिव्ह. ऑपरेशन पुढे गेलं.

--

जानेवारी 2022, घसा असा की थुंकी गिळवेना. घरच्या किटवर निगेटिव्ह आलं म्हणून बिनधास्त ऑफिसला गेलो (चूकच), दोन दिवसांनी परत केली तर ठसठशीत दोन रेघा.

--

कोविड नाहीये, चालेल ना? मोठ्या मुलाला नुसती सर्दी, तीच पाच महिन्यांच्या धाकटीला लागली. दूध अर्धवट सोडायची, श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडायचा. स्वॅबमध्ये कोविड, फ्लू निगेटिव्ह, आरएसव्ही (सर्दीसारखाच एक विषाणू, तान्ह्या बाळांच्या छातीत उतरतो) पॉझिटिव्ह. हे नावच पहिल्यांदा ऐकलं.

--

वरच्या ताई, चालेल की, उलट बरं झालं लिहिलंत. मी लॅबमध्ये स्वॅब घ्यायचो. लक्षणं कधी सुरू झाली विचारलं की लोक ताप आला तो दिवस सांगायचे, आधीची अंगदुखी, जुलाब, घशातली खवखव कुणी धरायचंच नाही. आणि सीटी व्हॅल्यू (आरटीपीसीआरमध्ये किती फेऱ्यांनंतर विषाणू सापडला तो आकडा) कमी आली की रडारड, ती आजार किती गंभीर ते सांगत नाही, स्वॅब नीट घेतला नाही तरी आकडा बदलतो. तर तारीख लिहिताना कंबरदुखीचा दिवस धरा.